रॅमचा वेग वाढवा. मात्र परीक्षा मे महिन्याच्या दुपारी घ्या

अलिबाग, प्रतिनिधी

संगणकात बसवलेली रॅम वेष्टनावर छापलेल्या वेगानेच चालते, असा बहुतेकांचा समज असतो. तो अनेकदा खरा नसतो. ‘३६००’ असे छापलेली डीडीआर४ रॅम नव्याने बसवली, की मदरबोर्ड तिला २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सर्वमान्य, सुरक्षित वेगाने सुरू करतो. विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात मेमरीचा वेग पाहून हे कोणालाही पडताळता येते. छापील वेग हवा असेल, तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हा पर्याय सुरू करावा लागतो. इंटेलने ही सोय २००७ मध्ये आणली. डीडीआर५ रॅमसाठी एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो या नावाने तशीच सोय दिली. हा पर्याय सुरू करणे हेही ओव्हरक्लॉकिंगच असते, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते.

रॅमच्या बाबतीत धोका वेगळ्या प्रकारचा आहे. प्रोसेसर मर्यादेबाहेर ताणला, तर संगणक बहुधा बंद पडतो आणि चूक लगेच कळते. रॅममधील चूक मात्र पुष्कळदा मूक असते. एखादा बिट शून्याचा एक होतो, संगणक चालूच राहतो आणि बिघडलेली माहिती हार्ड डिस्कवर लिहिली जाते. लग्नाच्या चित्रफितीतील काही चौकटी खराब होतात, हिशेबाची फाइल काही महिन्यांनी उघडेनाशी होते. तोपर्यंत त्याच बिघडलेल्या फाइलची प्रत बॅकअपमध्येही जाऊन बसलेली असते. ओव्हरक्लॉकिंग न करताही अशा चुका होतात. टोरोंटो विद्यापीठ आणि गुगलच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सर्व्हरमधील ८ टक्क्यांहून अधिक रॅम पट्ट्यांमध्ये वर्षभरात चुका आढळल्या होत्या. त्यात आपण वेगाची भर घालणार असू, तर काळजीही वाढवायला हवी.

रायगडच्या किनाऱ्यावर या काळजीचे पहिले कारण उष्मा हे आहे. रॅममधील प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. हा भार सतत गळतो, म्हणून तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ रॅममध्ये ही फेरी ६४ मिलिसेकंदांत पूर्ण होते. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर गळती इतकी वाढते, की ती ३२ मिलिसेकंदांत पूर्ण करावी, असे प्रमाणकच सांगते. हौशी मंडळी वेग मिळवण्यासाठी नेमकी हीच पुनर्भरणाची वेळ लांबवतात आणि इतर टायमिंग घट्ट करतात. अशा ताणलेल्या रॅमच्या काही चिपा पन्नास अंशांच्या आसपासच चुकू लागतात. जानेवारीच्या रात्री मुरूड किंवा श्रीवर्धनच्या घरात निर्दोष ठरलेली जुळणी मे महिन्याच्या दुपारी, कौलांखालच्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत कोसळते, ती यामुळे. खोली दहा-बारा अंशांनी तापली, की रॅमही जवळजवळ तेवढीच अधिक तापते.

म्हणून चाचणी वर्षातल्या आणि दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी घ्यावी. त्याआधी रॅम मूळ वेगावर ठेवून एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे. अलिबागकरांना याचे एक उदाहरण घराजवळच सापडेल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे भूचुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. तेव्हा सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. बदल करण्यापूर्वी तुलनेचा पाया नसेल, तर पुढे दिसणारा फरक कशामुळे आला, हे सांगता येत नाही. रॅमचेही तसेच आहे. मुळातच सदोष असलेल्या पट्टीवर वेगाचे प्रयोग करून कित्येकजण आठवडे वाया घालवतात.

मूळ तपासणीसाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन विंडोज सुरू होण्याआधी चालवावा. त्याच्या विनामूल्य आवृत्तीत चार फेऱ्या होतात. त्या रात्रभर चालू द्याव्यात. एकही चूक दिसली नाही, तर एक्सएमपी सुरू करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. त्यापुढे जायचे असल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल कागदावर लिहून ठेवावा. चुका वारंवार एकाच पत्त्यावर येत असतील, तर पट्टीतच दोष असण्याची शक्यता अधिक. त्या विखुरलेल्या असतील, तर वेग, व्होल्टेज किंवा उष्णतेकडे पाहावे. मात्र मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंडच असते. प्रत्यक्ष वापरात तेच कार्ड आपली गरम हवा रॅमवर सोडते. त्यामुळे दुसरी परीक्षा विंडोजमध्ये, प्राइम९५ किंवा ओसीसीटी आणि ग्राफिक्सचे जड काम एकत्र चालवून, भर दुपारी द्यावी. डीडीआर५ पट्टीचे तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसते. डीडीआर४ च्या पुष्कळ पट्ट्यांत तापमापक नसतो. तेथे कॅबिनेटमधील हवेच्या वाटेवरच लक्ष द्यावे लागते.

व्होल्टेज वाढवणे हा सोपा उपाय वाटतो. तो जपूनच करावा. डीडीआर४ चे प्रमाण व्होल्टेज १.२ असते आणि एक्सएमपीत ते बहुधा १.३५ होते. डीडीआर५ चे प्रमाण १.१ आहे, पण तिचे व्होल्टेज नियंत्रण पट्टीवरच असल्याने ती उष्णताही तेथेच निर्माण होते. शिवाय रॅमचा नियंत्रक आता प्रोसेसरमध्येच असतो. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले, तेव्हा नियंत्रकाच्या भागाला मिळणारे व्होल्टेज १.३ पर्यंत मर्यादित करणारे नवे बायोस द्यावे लागले. म्हणजे रॅमसाठी केलेल्या हौसेची किंमत प्रोसेसरला मोजावी लागू शकते.

एवढे करून हाती काय लागते? ३२०० वरून ३६०० वर गेल्यास माहिती वाहून नेण्याची क्षमता साडेबारा टक्क्यांनी वाढते. पण ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ या दोहोंचा मूळ विलंब हिशेबाने सारखाच, १० नॅनोसेकंद, येतो. उलट ३२०० ची एकच पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट वाहते, तर जोडीने बसवलेल्या दोन पट्ट्या ५१.२. टॅली आणि टंकलेखनासाठी संगणक वापरणाऱ्याने ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला जाऊच नये, असे आमचे मत आहे. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळ खेळणाऱ्यांना फायदा खरोखर जाणवतो. त्यांनीही आधी दुसरी पट्टी घ्यावी. चार पट्ट्या बसवल्या, तर नियंत्रकावरचा भार वाढून वेग उलट कमी ठेवावा लागतो.

किनाऱ्यावरचे दुसरे संकट खाऱ्या हवेचे. मीठ ओलावा धरते आणि पट्टीच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर, तसेच स्लॉटमध्ये थर बसतो. अशा वेळी येणाऱ्या चुका ओव्हरक्लॉकिंगच्या चुकांसारख्याच दिसतात. वेग कमी करण्यापूर्वी वीज तोडून पट्टी काढावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास दिसते. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि प्रत्येक घासणीत तो झिजतो. पावसाळा संपल्यावर ही सफाई करून मेमटेस्टची एक फेरी घ्यावी.

विजेचाही विचार हवा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकल्यानंतर कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. एरवीही वीज अचानक जाणे येथे नवे नाही. चाचणी चालू असताना आणि विशेषतः बायोस अद्ययावत करताना यूपीएस असलाच पाहिजे. डीडीआर५ संगणक नवे बदल केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळाच ठेवतो. त्या वेळी तो रॅम जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नये. पंधरा मिनिटांनंतरही काही दिसले नाही, तर वीज तोडून मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. बायोस मूळ मांडणीवर येतो आणि रॅम पुन्हा सुरक्षित वेगाने सुरू होते.