एक लाखाचा चरखा

कॉन्सेप्ट डिझाइन म्हटलं की आपल्यासमोर चकचकीत चित्रं येतात. २००८ साली नोकियाने 'रीमेड' नावाचा फोन दाखवला होता, आठवतोय? रिकामे डबे, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि जुने टायर यांपासून बनवलेला. दुकानात तो कधी आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी टाटांनी फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेवर चालणाऱ्या गाडीचा करार केला. पेपरांतून रकानेच्या रकाने भरले, पण ती गाडीही रस्त्यावर दिसली नाही.

असो. आज मला सांगायचंय ते याहून जुन्या आणि आमच्या वर्धा जिल्ह्याशी नातं असलेल्या एका डिझाइनबद्दल.

माझं आजोळ अल्लीपूर, तालुका हिंगणघाट. सगळा कापसाचा मुलुख. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात त्याच नावाने बाजारात ओळखला जायचा. कापूस इथे पिकायचा, गाठी रेल्वेने जायच्या आणि कापड विकत घ्यावं लागायचं. जिनिंगपुढचा पैसा गावाबाहेर. हा तिढा सोडवायला १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने चक्क एक डिझाइन कॉम्पिटिशन जाहीर केली. बक्षीस एक लाख रुपये. १९२९ चे एक लाख, मंडळी!

आता अटी बघा. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन म्हणतात, आणि इतकं नेमकं स्पेसिफिकेशन मला क्लायंटकडून क्वचितच मिळालंय.

चरखा हलका हवा, हलवता यायला हवा, हाताने किंवा पायाने चालायला हवा. खेड्यातल्या साध्या घरात बसून बाईला आठ तास फारसे कष्ट न होता चालवता यायला हवा. आठ तासांत १६,००० वार सूत निघावं, म्हणजे जवळजवळ साडेचौदा किलोमीटर! सोबत पिंजायची आणि पेळू करायची सोयही हवी. किंमत १५० रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे साडेसात रुपये.

शेवटच्या दोन अटी पुन्हा वाचा. युरोपात जून २०२५ पासून नवा नियम आलाय, की फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपण त्याचं कौतुक करतो, आणि करायलाच हवं. पण इथे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी वीस वर्षांचं आयुष्य आणि दुरुस्तीचं बजेट पहिल्याच कागदावर लिहिलेलं होतं.

मग जिंकलं कोण? कुणीच नाही.

सगळ्यात गाजलेला प्रयत्न आपल्या किर्लोस्करवाडीचा. तिथे काळे नावाच्या संशोधकाचं यंत्र तयार झालं. परीक्षकांनी ते तपासलं आणि अटी पूर्ण होत नाहीत म्हणून बक्षीस नाकारलं. इंजिनिअर म्हणून मला यातली अडचण लगेच कळते. साध्या चरख्यावर तासाला साधारण तीन-चारशे वार सूत निघतं. ते पाचपट करायचं तर चात्या वाढवा. चात्या वाढल्या की दातेरी चाकं आली, अचूक सुटे भाग आले, आणि दुरुस्ती गावच्या सुतार-लोहाराच्या हातातून निसटली. वेग, किंमत आणि दुरुस्ती एकमेकांना खेचत राहतात. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांच्या कल्पनेतून अनेक चात्यांचा अंबर चरखा आला, तो स्वातंत्र्यानंतर.

पण स्पर्धा फसली म्हणून विचार थांबला नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे. हा माणूस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला. त्यांचा मुद्दा साधा होता: कोळसा, तेल, खनिजं हा साठा, वापरला की संपला, शेती, जंगल, माणसाचे आणि बैलाचे श्रम हा प्रवाह, दरवर्षी नव्याने येणारा. अर्थव्यवस्था प्रवाहावर उभी करा. त्यातूनच रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा 'मगनदीप' आला, कमी धुराची 'मगन चूल' आली. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींनी उद्घाटन केलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. जरूर जा.

गाडीचं काय? तीही होती! जमनालाल बजाजांकडच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले आणि नाव पडलं 'ऑक्सफर्ड'. एमिशन शून्य, शेण बोनस.

हसू येतं, मलाही आलं. चरखा फिरवून अल्लीपूरच्या शेतकऱ्याचं आज भागेल असं मी अजिबात म्हणणार नाही. पण नोकियाचा 'रीमेड' आणि हा एक लाखाचा चरखा शेजारी ठेवले की फरक जाणवतो. एकाने विचारलं, वस्तू कशापासून बनवू? दुसऱ्याने त्याआधी विचारलं, ती वापरणार कोण, दुरुस्त कोण करणार आणि कमाई कुठल्या गावात राहणार?

कापूस अल्लीपुरातून आजही गाडीत भरून बाहेरच जातो. तेव्हा ती स्पर्धा माझ्या मते अजून खुलीच आहे. पुढच्या वेळी कुणी 'ग्रीन' प्रॉडक्टचं प्रेझेंटेशन दाखवलं, तर त्या साडेसात रुपयांच्या कॉलमात काय लिहिलंय, तेवढं जरूर विचारा.