ल्यूटचं जुनं संगीत गिटारवर: वेगळ्या ट्यूनिंगच्या रचना कशा शोधायच्या?

ल्यूटच्या जुन्या रचनेची पीडीएफ डाउनलोड केली, टॅब बघून गिटारवर वाजवली आणि सगळंच बेसूर निघालं, असं झालंय का? चूक तुमच्या बोटांची असेलच असं नाही. ती रचना कदाचित वेगळ्याच ट्यूनिंगसाठी लिहिलेली असते.

ल्यूट हे युरोपातलं, अर्ध्या पेरासारख्या फुगीर पाठीचं तंतुवाद्य. त्याचं संगीत टॅब्लेचरमध्ये लिहीत. आपल्या गिटार टॅबसारखंच ते फक्त बोट कुठे ठेवायचं ते सांगतं, सूर कोणता ते सांगत नाही. फ्रेंच पद्धतीत आकड्यांऐवजी अक्षरं असतात: ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला फ्रेट.

वेगळी ट्यूनिंग आली कुठून?

१७व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधले वादक तारा नव्या नव्या तऱ्हेने लावून बघत होते. या जुळवण्यांना ‘आकोर नूव्हो’ म्हणजे नव्या जुळवण्या म्हणतात. पॅरिसच्या पिएर बालारने १६३१ आणि १६३८ मध्ये अशा रचनांचे संग्रह छापले. पुढे त्यातलं डी मायनर ट्यूनिंग रुळलं आणि बाकीची मागे पडली. त्यांतल्या रचना मात्र हस्तलिखितांत राहिल्या.

शोधायची किल्ली

नुसतं ‘कूरांत’ किंवा ‘साराबांद’ टाकून शोधलंत तर हरवाल, कारण त्या नावाच्या रचना ढीगभर आहेत. त्याऐवजी ट्यूनिंगचा कोड बघा. खालच्या तारेवर कितव्या फ्रेटला वरच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो, त्याची पाच अक्षरं म्हणजे हा कोड. सुरुवात सर्वांत बारीक तारेपासून. डी म्हणजे ३, ई म्हणजे ४, एफ म्हणजे ५.

- जुनं रेनेसाँ ट्यूनिंग: एफ-एफ-ई-एफ-एफ
- ‘शार्प’ ट्यूनिंग: ई-डी-ई-एफ-एफ
- ‘फ्लॅट’ ट्यूनिंग: डी-ई-डी-एफ-एफ
- डी मायनर: डी-एफ-ई-डी-एफ

सर्चमध्ये ही अक्षरं इंग्रजी लिपीत, स्मॉल आणि सलग टाइप करा, सोबत ल्यूट हा शब्द जोडा. वादकाचं नाव टाकत असाल तर स्पेलिंग बदलून बघा. मेसांजो, द्युफो ही नावं जुन्या कागदांवर दर वेळी वेगळी लिहिलेली दिसतात. स्कॅन केलेल्या मूळ प्रतींसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका आणि नोटेशनसाठी आयएमएसएलपी, दोन्ही मोबाइलवर मोफत उघडतात.

गिटारवर कसं लावायचं?

रेनेसाँसाठी तिसरी तार जी वरून एफ शार्पवर आणा, बस. शार्प ट्यूनिंगला जाड तारेपासून ई, ए, डी, एफ शार्प, ए, सी शार्प. फ्लॅटला ई, ए, डी, एफ, ए, सी. डी मायनरच्या जुळवणीसाठी ई, ए, सी, ई, ए, सी; सूर खाली येतील, पण तारांमधली अंतरं तीच राहतात. कुठलीच तार वर ताणायची नाही, सगळं सैल करायचंय, त्यामुळे तार तुटायची भीती नाही. (सहाच्या खाली ल्यूटला आणखी तारा असतात, ते सूर सोडून द्यावे लागतात.) क्रोमॅटिक ट्यूनर ॲप पुरेसं आहे.

प्रतीवर ट्यूनिंग लिहिलेलंच नसेल, तर रचनेचा शेवटचा कॉर्ड आधी वाजवा. तोच कानाला खटकला, तर पुढचा कोड लावून बघा.