सहा व्होल्टचा अंधार

आमच्या घरी एक वाक्य चौतीस वर्षं ऐकू येत होतं. "मी बॅटरीचं पाणी बघितलं नव्हतं." बाबा ते कधी हसत म्हणायचे, कधी नुसतंच. १९८९ मध्ये सातार्‍याहून पुण्याला येताना खंबाटकी घाट उतरताना आमच्या जावाचा हेडलाइट गेला, गाडी कडेच्या चरात गेली, मागे बसलेल्या आईचा उजवा हात मोडला. हात नीट जुळला नाही, आईला आजही कणिक डाव्या हाताने मळावी लागते. बाबांनी गाडी टेम्पोत घालून घरी आणली, जिन्याखाली लावली आणि परत कधी किक मारली नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात मी ती बाहेर काढली. इंजिनाचं काम फारसं सांगण्यासारखं नाही. पिस्टन अडकलेला होता, डिझेल ओतून आठवडाभर ठेवला, सुटला. कार्ब्युरेटर साफ केला. टाकीतला गंज काढताना हात काळे झाले, बस्स. खरी मजा (आणि खरा वैताग) वायरिंगमध्ये होता. ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

जावा हे नाव फ्रान्तिशेक यानेचेक या चेक कारखानदाराचं. हा गृहस्थ मूळचा शस्त्रास्त्रांच्या धंद्यातला. १९२९ मध्ये त्याने जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचा पसारा विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडली. आपल्याकडे १९६० मध्ये रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' सुरू केली आणि १९६१ पासून तिथे २५० सीसीची टू-स्ट्रोक जावा बनायला लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं, इराणमधल्या यझ्द गावावरून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आमची गाडी १९६८ ची, बाबांनी १९७९ मध्ये सेकंडहँड घेतलेली.

या गाडीत वीज बनते ती डायनामोवर. क्रँकच्या उजव्या टोकाला आर्मेचर, त्यावर कार्बनचे ब्रश. सहा व्होल्ट, पंचेचाळीस वॅट. म्हणजे बघा, आजच्या लॅपटॉपचा चार्जर याहून जास्त देतो! एवढ्यात हेडलाइट, टेललाइट, हॉर्न आणि वर इग्निशनही भागवायचं. कारण जावाची ठिणगी बॅटरी आणि कॉइलवर पडते, चार्ल्स केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आणलेल्या पद्धतीने. आपल्या जुन्या बजाज स्कूटरला फ्लायव्हील मॅग्नेटो होता, तिला ठिणगीसाठी बॅटरी लागायचीच नाही. जावाची बॅटरी मेली की किका मारून पाय दुखायचा.

डायनामोचं दुसरं दुखणं म्हणजे हळू फिरला की तो बॅटरीपेक्षा कमी व्होल्टेज देतो. मग उलट बॅटरीच डायनामोत रिकामी व्हायला लागेल. ते होऊ नये म्हणून कटआउट नावाचा रिले असतो, तो अशा वेळी संबंध तोडतो. म्हणजे घाट उतरताना थ्रॉटल बंद, इंजिन मंद, कटआउट उघडा आणि दिव्याचा सगळा भार बॅटरीवर. जगाने यातून सुटका करून घेतली ती सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला. त्यात एसी वीज बनते आणि डायोडच तिला उलटं जाऊ देत नाहीत, कटआउटची गरजच नाही. अमेरिकन मोटारी पन्नाशीच्या दशकातच बारा व्होल्टवर गेल्या होत्या, अमेरिकेला जाणारी बीटल १९६७ च्या मॉडेलला गेली. आमची जावा ज्या वर्षी म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच तिची वीज जुनी झाली होती.

व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच वॅटला करंट जास्त. पंचवीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर दोन अँपिअर घेतो, सहावर चार. रस्त्यात कुठे गंजलेला जोड असेल, अगदी ०.२ ओहमचा, तर सहाच्या गाडीत जवळपास ०.८ व्होल्ट तिथेच जातात. बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतिसाव्या घातानुसार... सॉरी, साडेतीन घातानुसार बदलतो. तेव्हा हे ०.८ व्होल्ट म्हणजे जवळपास चाळीस टक्के उजेड गायब. बारा व्होल्टवर तोच जोड बारा-एक टक्केच खातो. जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणते का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

तर, पॉइंट्स घासले, गॅप ०.४ मिलिमीटर ठेवली, नवा कंडेन्सर आणि नवी बॅटरी. सातव्या किकला गाडी उठली. अख्खी सोसायटी धुरात. पण चार्जिंगचा लाल दिवा विझेना. ब्रश बदलले, रेग्युलेटरचे पॉइंट्स साफ केले, तरी तेच. शेवटी एका म्हातार्‍या ऑटो-इलेक्ट्रिशियनला फोन केला. ते म्हणाले, "साहेब, किती वर्षं उभी होती? चुंबक झोपलाय तिचा." डायनामोत कायमचा चुंबक नसतो. लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर पहिली वीज बनते, ती फील्ड कॉइलमध्ये जाते आणि मग पुढचं सगळं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तेवढंही उरत नाही. रेग्युलेटर सोडवून, कुठलं टोक चॅसीला आहे हे डायग्रॅमवर दोनदा बघून, फील्डला दोन-तीन सेकंद बॅटरी लावली. परत किक. रेस दिली आणि लाल दिवा विझला. मी एकटाच ओरडलो.

संध्याकाळी हेडलाइट लावून हँडल वळवलं तर दिवा गेला. सरळ केलं, आला. डावीकडे पूर्ण वळवलं, गेला.

मल्टिमीटरचं एक टोक हेडलाइटच्या घमेल्याला, दुसरं बॅटरीच्या अर्थला. हँडल सरळ असताना ०.३ व्होल्ट, वळवलं की चारच्या वर. म्हणजे परतीची वाट हँडलच्या बॉलबेअरिंगांतून, ग्रीसमधून चालली होती. तिथे खरं तर एक अर्थची वायर हवी. ती होती, पण सुटी. तिचं टोक चॅसीला चिकटलं होतं ते स्क्रूने नाही, रंगाच्या थराखाली. आणि जिथे स्क्रू बसायचा त्या भोकावरही तोच मरून रंग, अखंड.

गाडी रंगवली होती १९८८ च्या दिवाळीला. त्यानंतर कधीच नाही.

मी वर जाऊन आईला विचारलं, "दिवा कसा गेला होता गं? हळूहळू पिवळा पडत?"

"छे, फटकन. वळलो आणि गेला. पडल्यावर परत लागला की! त्या उजेडातच मला माझा हात दिसला."

बाबा पेपर वाचत होते. त्यांना विचारलं, "इंजिन बंद पडलं होतं का?" म्हणाले, "नाही, पडल्यावर मी हाताने बंद केलं." मी त्यांना सांगितलं की बॅटरी बसली असती तर दिवा पिवळा होत गेला असता, आणि ठिणगीही त्याच बॅटरीवर असल्याने इंजिन आचके देत बंद पडलं असतं. मग खाली नेऊन रंगाखालची वायर दाखवली. हे कोर्टात टिकणार नाही, मला माहीत आहे. चौतीस वर्षांचा गंजही मध्ये आहे. पण रंगाचा थर खोटं बोलत नाही.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून वायर नखाने सोलून बघितली. बराच वेळ बघितली.

"रंग दिल्यावर गाडी जोडली मीच होती रे," ते म्हणाले. "पेंटरने सुटी करून दिली होती."

मला काय बोलावं कळेना. मागून आई जिना उतरून आली होती. "म्हणजे पाणी नव्हतं ना कमी?" ती म्हणाली. "मग झालं तर. आता ती वायर लाव आणि हात धू."

सँडपेपरने रंग खरवडला, नवी वायर, स्क्रूखाली दातेरी वॉशर. मल्टिमीटरवर ०.०५, हँडल कसंही फिरवा. स्क्रू बाबांनी आवळला. पाना परत देताना विचारलं, "बॅटरीचं पाणी बघितलंस?"