दम्याच्या पंपापासून एड्सच्या गोळीपर्यंत : सिप्ला कंपनी मोठी कशी झाली?

गावात दम्याचा पेशंट असला की त्याच्या खिशात बऱ्याचदा अस्थालिनचा पंप सापडतो. तो बनवणारी सिप्ला ही मूळची मुंबईची कंपनी. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला आणि रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेलाही तिचे कारखाने आहेत. ही कंपनी कशी वाढली आणि आपल्या औषधाच्या बिलाशी त्याचा काय संबंध, ते थोडक्यात पाहू.

१९३५ : मुंबईत सुरुवात

जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली ही कंपनी काढली. 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' या लांबलचक नावाचं पुढं सिप्ला झालं. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी कारखान्याला भेट दिली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी औषधं येणं अवघड झालं, तेव्हा देशी कारखान्याची किंमत लोकांना कळली.

१९७२ : कायदा बदलला

स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्या काळातला पेटंट कायदा चालू होता. औषध परदेशी कंपनीच्या पेटंटचं असलं, तर इथं दुसऱ्याला ते बनवता येत नसे. इंदिरा गांधींच्या सरकारने १९७० मध्ये नवा कायदा केला, तो १९७२ पासून लागू झाला. त्यासाठी आग्रह धरणाऱ्या देशी कंपन्यांत सिप्ला पुढं होती.

या कायद्याने औषधावरचं पेटंट बंद झालं, फक्त बनवायच्या पद्धतीवरचं राहिलं. सोप्या भाषेत सांगायचं तर गुळावर कुणाचा हक्क नाही, अमुक एका पद्धतीने गूळ करण्यावर आहे. दुसऱ्याने वेगळ्या रीतीने गूळ केला तर त्याला अडवता येत नाही. हमीद यांचे चिरंजीव युसूफ हमीद हे केंब्रिजला शिकलेले रसायनतज्ज्ञ. नव्या पद्धती शोधून सिप्लाने एकामागून एक औषधं स्वस्तात आणली.

२००१ : एड्सची गोळी

एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा परदेशात माणशी १० ते १५ हजार डॉलर होता. आफ्रिकेतली गरीब माणसं औषधावाचून मरत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने हाच उपचार एका सेवाभावी डॉक्टर संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या वेळच्या हिशोबाने साधारण १६ हजार रुपये! तिन्ही औषधं एकाच गोळीतही आणली. परदेशात ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची, त्यामुळं तिथं एकत्र गोळी करणं अवघड होतं. आपल्या कायद्यात ते जमलं.

२००५ नंतर

जागतिक व्यापार कराराप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधावरचं पेटंट पुन्हा आलं. मुदत २० वर्षं. त्यामुळं आता नव्या औषधाची स्वस्त नक्कल लगेच निघत नाही. पेटंट संपलेली औषधं मात्र कुणीही परवाना घेऊन बनवू शकतो.

आपण काय ध्यानात ठेवायचं?

गोळीच्या पाकिटावर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. तेच औषध जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळू शकतं. पाकीट बरोबर न्या, नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. मात्र चालू औषध बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.