अतिचंचलता आणि घरचा डॉक्टर : एका परवानगीचा इतिहास

रोगांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोधांचा इतिहास लिहितो. लक्षण कोणी ओळखले, नाव कोणी दिले, औषध कोणी काढले, एवढे सांगून झाले की विषय संपला असे वाटते. परंतु प्रत्येक रोगाला दुसराही एक इतिहास असतो. 'हा रोग आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, औषध लिहून देण्याचा अधिकार कोणाला, आणि त्या अधिकाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचायला रोग्याला किती वाट तुडवावी लागते, हा तो इतिहास. ज्याला आज एडीएचडी म्हणतात, त्या अवधान टिकवता न येण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराच्या बाबतीत तर हा दुसरा इतिहासच अधिक बोलका आहे, असे आम्हांला वाटते.

गंमत अशी, की या विकाराची पहिली वर्णने तज्ज्ञांच्या स्वतंत्र शाखा जन्मण्यापूर्वीची आहेत. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ मध्ये मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात एक प्रकरण अवधानाला दिले, आणि एका गोष्टीवर चित्त ठरवू न शकणारी माणसे जन्मतःही तशी असू शकतात, असे नोंदवून ठेवले. पुढे १८४० च्या दशकात फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइनरिश हॉफमन याने मुलांसाठी रचलेल्या सचित्र पद्यकथांत जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ न बसणारा फिलिप अजरामर करून ठेवला. शास्त्रीय वर्णनाचा मान मात्र जॉर्ज स्टिल याच्याकडे जातो. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्याने बुद्धीने चांगली पण स्वतःला आवरू न शकणारी मुले वर्णिली. त्या काळाच्या भाषेला अनुसरून त्याने याला 'नैतिक नियंत्रणाचा दोष' म्हटले. हा शब्द आज आपल्याला खटकतो. पण मुलाच्या वागण्याचा दोष पालकांच्या माथी मारण्याऐवजी त्याचे मूळ शरीरात शोधण्याची दिशा याच व्याख्यानांनी दाखवली, हे विसरून चालणार नाही.

औषधाची कथा अमेरिकेत सुरू होते. ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रॅडली होम या मुलांच्या संस्थेत चार्ल्स ब्रॅडली हा डॉक्टर मेंदूच्या तपासणीनंतर मुलांना होणाऱ्या डोकेदुखीवर उपाय शोधत होता. त्याने बेन्झेड्रिन हे अँफेटामिन वर्गातील औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही. काही मुलांचे अभ्यासातले लक्ष मात्र एकाएकी सुधारले. १९३७ मध्ये त्याने तीस मुलांवरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांत शाळेतील कामगिरी ठळकपणे सुधारली होती. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केले आणि आपल्या पत्नीच्या लाडक्या नावावरून त्याला 'रिटालिन' हे नाव दिले. १९५४ पासून ते बाजारात आले.

इथपर्यंतची कथा डॉक्टर आणि रोगी यांच्यातली आहे. परवानग्यांचा अध्याय सुरू होतो तो भीतीपासून, आणि ती भीती सर्वस्वी निराधार नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वापरलेली अँफेटामिने युद्धानंतर चैनीची आणि व्यसनाची वस्तू बनली. त्यातच जून १९७० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी दिली, की ओमाहा शहरातील शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी अशी औषधे दिली जात आहेत. आकडा वादग्रस्त ठरला, परंतु त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर सुनावणी झाली. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मनःप्रभावी द्रव्यांविषयीच्या करारात अँफेटामिन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत गेली. त्या दिवसापासून एका चंचल मुलाची गोळी आणि अमली पदार्थांचा कायदा यांची गाठ पडली, ती आजतागायत सुटलेली नाही.

यानंतर देशोदेशीच्या वाटा फुटल्या. अमेरिकेत कायदा कडक झाला, पण मुलांना रोज तपासणाऱ्या सामान्य बालरोगतज्ज्ञाच्या आणि फॅमिली डॉक्टरच्या हातून लेखणी काढून घेतली गेली नाही. २००० आणि २००१ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने निदान व उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती अशाच प्राथमिक डॉक्टरांसाठी. ब्रिटनने उलट रीत पत्करली : निदान तज्ज्ञाने करावयाचे, औषध त्यानेच सुरू करून मात्रा बसवावयाची, आणि मग 'सामायिक उपचारा'च्या कराराने घरच्या डॉक्टरने ते चालू ठेवावयाचे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याने आपापला कायदा केला, आणि तिथेच या इतिहासाचे सर्वांत बोधप्रद प्रकरण घडले.

या शतकाच्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियात मुलांना उत्तेजक औषधे देण्याचे प्रमाण देशातील इतर राज्यांपेक्षा बरेच अधिक होते. त्यावर मोठी ओरड झाली. २००३ मध्ये राज्याने नवी नियामक व्यवस्था आणली आणि २००४ मध्ये विधिमंडळाच्या समितीने चौकशी अहवाल दिला. औषधे सुरू करण्याचा अधिकार मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या हाती होता. त्यावर आता नोंदणीचे आणि देखरेखीचे कडे बसले. मुलांमधील प्रमाण त्यानंतर घटले. पहारा कामी आला, असेच कोणीही म्हणेल.

मात्र २०१७ मध्ये याच राज्यातील सुमारे तीन लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांना हे औषध मिळण्याची शक्यता त्याच वर्गातील सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा पुष्कळ अधिक होती. सहा ते दहा वर्षांच्या गटात तर ती जवळपास दुप्पट होती. अर्थ स्पष्ट आहे. काही मुलांच्या बाबतीत कोवळे वय हाच विकार ठरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे घडले ते तज्ज्ञांच्या हातून, कडक पहाऱ्याच्या राज्यात. दाराशी कोण बसला आहे यावरून आतला निर्णय बरोबर ठरतोच असे नाही.

याच मुद्द्याला दुसऱ्या बाजूने बळ देणारा पुरावा अमेरिकेतला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५७९ मुलांचे चार गट करून चौदा महिने निरनिराळे उपचार दिले गेले. संशोधकांनी बारकाईने औषध बसवलेल्या मुलांची लक्षणे, बाहेर नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुलांपेक्षा चांगलीच कमी झाली. यावरून घरच्या डॉक्टरला हे जमत नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण बाहेरच्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलांना औषधे मिळतच होती. फरक होता तो मात्रेत आणि गाठीभेटीत. चाचणीतले डॉक्टर दर महिन्याला मुलाला भेटत, शिक्षकांकडून माहिती घेत. बाहेरचे डॉक्टर वर्षातून एकदोनदा, तेही थोडा वेळ. तेव्हा उणीव पदवीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, वेळेची होती. पुढे तीन वर्षांनी गटांमधला फरक विरून गेला, हेही सांगितले पाहिजे. नीट चाललेला उपचार पुढे सोडून दिला तर त्याचा लाभ साठवून ठेवता येत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

पहाऱ्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. ऑस्ट्रेलियाच्या सेनेटने २०२३ मध्ये या विषयावर चौकशी केली, तेव्हा सातशेहून अधिक निवेदने आली. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे प्रतीक्षा. खाजगी तज्ज्ञाकडे हजारो डॉलरांचा खर्च. खेड्यातून शहरात हेलपाटे. एका राज्याची चिठ्ठी दुसऱ्या राज्यात न चालणे, अशी त्यांतली रड होती. मोठेपणी निदान झालेल्या स्त्रियांची कैफियत त्यांत विशेष होती, कारण धडपड्या मुलग्याकडे शाळेचे लक्ष जाते, खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीकडे जात नाही. विकारच असा, की अर्ज भरणे, तारीख लक्षात ठेवणे, पाठपुरावा करणे याच गोष्टी त्याला अवघड. आणि उपचारासाठी अट नेमकी त्याच गोष्टींची. समितीने राज्याराज्यांतले नियम एकसारखे करण्याची शिफारस केली.

त्यानंतर दारे उघडू लागली. २०२५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने, म्हणजे ज्या राज्याने पहारा सर्वांत कडक केला होता त्यानेच, पहिल्या टप्प्यात ६५ फॅमिली डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन निदान व उपचारांची मुभा देण्याचे ठरवले. न्यू साउथ वेल्सने हजारापर्यंत डॉक्टरांना प्रशिक्षण देण्याची योजना जाहीर केली : आधी सुरू असलेले औषध चालू ठेवणे, आणि पुढच्या टप्प्यात निवडक डॉक्टरांनी निदानही करणे. क्वीन्सलंडमध्ये मुलांच्या बाबतीत अशी मुभा आधीपासून होती. १ डिसेंबर २०२५ पासून ती प्रौढांसाठीही लागू झाली. ब्रिटनमध्येही २०२४ साली नेमलेल्या कार्यगटाने सगळा भार तज्ज्ञ सेवांवर न टाकता प्राथमिक उपचारसेवेला वाटा द्यावा, अशीच दिशा दाखवली.

आपल्याकडे मिथाइलफेनिडेट औषध नियमावलीच्या 'एक्स' परिशिष्टात आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, तिची एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते आणि विक्रीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. साहजिकच असे दुकान तालुक्याच्या गावी सापडेलच याची खात्री नाही. घराण्याच्या दोन-तीन पिढ्या ज्याच्या हाताखालून गेल्या, आजोबांचा तापटपणा आणि नातवाची चुळबूळ ज्याने एकाच ओसरीवर पाहिली, असा घरचा डॉक्टर ही मराठी मध्यमवर्गाची जुनी ओळख होती. विकाराच्या निदानाला लहानपणापासूनचा वृत्तान्त लागतो, आणि तो अशा डॉक्टरइतका दुसऱ्या कोणापाशी असणार? पण ही संस्था आपल्या शहरांतून झपाट्याने आटत चालली आहे. तेव्हा ऑस्ट्रेलियाचे नियम जसेच्या तसे उचलून आपल्याकडे काम भागेल, असा आमचा दावा नाही.

आम्हांला या इतिहासातून एवढेच दिसते, की दार बंद ठेवल्याने चूक टळत नाही आणि नुसते उघडल्याने न्याय मिळत नाही. पाच मिनिटांत रोगी पुढे सरकवणाऱ्या दवाखान्याला निदानाचा अधिकार दिला, तर ओमाहाची बातमी पुन्हा छापली जाईल. आणि मग भीतीने दार पुन्हा लोटले जाईल, ते आणखी तीस वर्षांसाठी. म्हणून प्रशिक्षणाइतकाच डॉक्टरच्या वेळेचा मोबदला महत्त्वाचा, शिक्षकाशी बोलणे महत्त्वाचे, अडल्यावर तज्ज्ञाला विचारण्याची सोय महत्त्वाची. या गोष्टींना पैसा लागतो. सरकारे मुभा देताना ती फुकट असल्यासारखी देतात. आजवरच्या इतिहासात घसरण झाली आहे ती याच पायरीवर.