बुद्धिबळपटूंचे गुणांकन व निवड

बुद्धिबळपटूंचे खेळातील बळ अंकाने दर्शविण्याच्या व त्यावरून त्यांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीस गुणांकन म्हणतात. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ आणि उडीच्या स्पर्धेत मोजफीत निर्णय देते. बुद्धिबळात असे बाह्य माप नाही. एका खेळाडूचे बळ त्याच्या इतरांशी झालेल्या डावांच्या निकालांवरूनच अनुमानावे लागते. म्हणून संघात कोणाला घ्यावे आणि पुरस्कार कोणाला द्यावा, हे प्रश्न या खेळात प्रारंभापासून वादाचे ठरले आहेत. हे दोन प्रश्न वरवर एकच वाटले, तरी मूलतः भिन्न आहेत. संघनिवड ही पुढील कामगिरीच्या अपेक्षेवर होते, तर पुरस्कार हा झालेल्या कामगिरीचा गौरव असतो.

पूर्वपीठिका : गुणांकन रूढ होण्यापूर्वी स्पर्धेतील स्थान हाच क्रमवारीचा आधार होता. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली व पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये एलुरू (आंध्र प्रदेश) येथे भरली. तीत रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या यांना विजेतेपद विभागून मिळाले. एका स्पर्धेवरून दोघांतील श्रेष्ठ ठरविणे किती अवघड असते, हे पहिल्याच प्रसंगी दिसून आले. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाच्या साखळी स्पर्धेत तुलना बरीच विश्वसनीय असते. परंतु खेळाडूंची संख्या वाढली, की ती अशक्य होते. अशा वेळी समान गुणांच्या खेळाडूंना परस्परांशी खेळविणारी स्विस पद्धती वापरतात. झुरिक येथे १८९५ मध्ये ती प्रथम अवलंबिली गेली. तीत समान गुण मिळविणाऱ्यांचा क्रम प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या बेरजेवरून लावला जातो. असा क्रम बक्षिसे वाटण्यास पुरेसा असला, तरी त्यातील अर्ध्या गुणाच्या फरकावर एखाद्याची राष्ट्रीय संघातील जागा अवलंबून ठेवणे योग्य नव्हे.

स्पर्धेवर आधारलेल्या निवडीत प्रवेशाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळल्या. त्या स्पर्धेत खेळणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांच्या सहभागास हरकत घेण्यात आली. तथापि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे (फिडेचे) तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या खेळाडूस स्पर्धेत येऊच दिले जात नाही, त्याची क्रमवारी कितीही काटेकोर नियमांनी लावली, तरी ती न्याय्य ठरत नाही, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

इलो पद्धती : अमेरिकेतील मिल्वॉकी येथील भौतिकीचे प्राध्यापक आर्पाद इलो (१९०३–९२) यांनी संख्याशास्त्रावर आधारलेली गुणांकन पद्धती तयार केली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये व फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकनांतील फरकावरून त्यांच्या डावाचा अपेक्षित निकाल या पद्धतीत काढता येतो. फरक १०० असल्यास वरच्या खेळाडूकडून प्रत्येक डावामागे सरासरी ०·६४ व २०० असल्यास ०·७६ गुणाची अपेक्षा धरतात. प्रत्यक्ष गुण व अपेक्षित गुण यांतील फरकास एका गुणकाने गुणून गुणांकनात वाढ वा घट करतात. २४०० पर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंसाठी हा गुणक १०, इतर प्रस्थापित खेळाडूंसाठी सामान्यतः २० आणि नवोदितांसाठी व २३०० च्या खालील कुमार खेळाडूंसाठी ४० असतो. गुणक १० असलेल्या खेळाडूने २०० ने खालच्या प्रतिस्पर्ध्यास हरविल्यास त्याला केवळ २·४ गुण मिळतात. हरल्यास मात्र ७·६ गुण गमवावे लागतात. गुणांकनाच्या याद्या प्रारंभी वर्षातून एकदा निघत. २०१२ पासून त्या दरमहा प्रसिद्ध होतात.

मर्यादा : गुणांकन हे ज्या खेळाडूंच्या समूहात मिळविलेले असते, त्या समूहापुरते अर्थपूर्ण असते. दोन समूहांमध्ये पुरेसे डाव झाले नाहीत, तर त्यांतील समान अंकांचे बळ समान नसते. महिला मुख्यतः आपसांत खेळत असल्याने त्यांची गुणांकने कमी राहिली आहेत, असे मानून फिडेने १९८७ च्या प्रारंभी महिलांच्या गुणांकनांत सरसकट १०० गुणांची भर घातली. हंगेरीच्या सूझन पोल्गार यांना मात्र, त्या प्रामुख्याने पुरुषांशी खेळत असल्यामुळे, ही वाढ मिळाली नाही व महिलांच्या यादीतील त्यांचे अग्रस्थान गेले. समूहासाठी योग्य मानलेली दुरुस्ती एखाद्या व्यक्तीस अन्यायकारक वाटू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरी मर्यादा म्हणजे गुणांकन खेळाडूच्या प्रगतीच्या मागे राहते. शिकत्या वयातील मुलांचे बळ त्यांच्या अंकापेक्षा लवकर वाढते व त्यांच्याशी खेळणाऱ्या प्रौढांना त्याची झळ पोहोचते. खालच्या स्तरावरील ही घसरण भरून काढण्यासाठी फिडेने १ मार्च २०२४ पासून गुणांकनाची किमान मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या खालील खेळाडूंना, त्यांचे गुणांकन २००० पेक्षा जितके कमी होते त्याच्या ४० टक्के गुण एकवार वाढवून दिले. त्यायोगे १५०० गुणांकनाचा खेळाडू १७०० वर आला.

तिसरी मर्यादा गुणांकनास बक्षिसाचे रूप दिल्याने निर्माण होते. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेतील एक जागा गुणांकनावर द्यावयाची होती. ती मिळविण्यासाठी फ्रान्सचे अलीरेझा फिरूझा यांच्याकरिता डिसेंबर २०२३ मध्ये ऐनवेळी सामने भरविण्यात आले. फिडेने ते गुणांकनासाठी ग्राह्य धरले नाहीत. पुढे रूआन येथील खुल्या स्पर्धेत सर्व डाव जिंकून त्यांनी ती जागा मिळविली. याच कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी (१९९४– ) यांचा प्रवेश निराळ्या मार्गाने झाला. केवळ गुणांकनावर त्यांना तेथे स्थान मिळाले नसते. परंतु २०२३ मधील आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलाच डाव हरूनही ११ पैकी ८·५ गुण मिळवून ते विजेते ठरले व पात्र झाले. कँडिडेट्समध्ये १४ डावांत गुजराथींना ६ व फिरूझा यांना ५ गुण मिळाले. प्रवेशाचे मार्ग एकाहून अधिक ठेवण्यामागील तत्त्व यावरून लक्षात येते.

संघनिवड : २०२२ चे ऑलिंपियाड चेन्नईजवळील मामल्लपुरम येथे भरले. यजमान भारताला खुल्या गटात तीन संघ उतरविता आले. गुजराथी, हरिकृष्ण व अर्जुन एरिगैसी यांचा समावेश असलेल्या पहिल्या संघास सरासरी गुणांकनानुसार दुसरे मानांकन होते. गुकेश, प्रज्ञानंद, निहाल सरीन व नागपूरचे रौनक साधवानी ही तरुण मंडळी असलेल्या दुसऱ्या संघास अकरावे मानांकन होते. प्रत्यक्षात दुसऱ्या संघाने कांस्यपदक मिळविले व पहिला संघ चौथा आला. यावरून गुणांकन निरुपयोगी ठरत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या खेळाडूंबाबत ते अपुरे पडते, एवढेच सिद्ध होते. बूडापेस्ट येथील २०२४ च्या ऑलिंपियाडसाठी निवडलेल्या भारतीय संघात पहिल्या संघातील गुजराथी, हरिकृष्ण व एरिगैसी आणि दुसऱ्या संघातील गुकेश व प्रज्ञानंद एकत्र आले. त्या वेळी भारतीयांत सर्वाधिक गुणांकन एरिगैसी यांचे होते. तरीही ते तिसऱ्या पटावर खेळले. पहिला पट गुकेश यांनी, दुसरा प्रज्ञानंद यांनी व चौथा गुजराथी यांनी सांभाळला. संघाने २२ पैकी २१ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. गुकेश व एरिगैसी यांना आपापल्या पटांची सुवर्णपदकेही मिळाली. संघात कोण असावे, हे ठरविण्यास अंक उपयोगी पडतो. कोणी कोठे खेळावे, हे ठरविताना प्रतिस्पर्धी व खेळाडूंचा स्वभाव यांची जाण लागते.

किताब व पुरस्कार : ग्रँडमास्टर किताबासाठी २५०० गुणांकन व आवश्यक निकष पूर्ण करावे लागतात. गुजराथी यांना तो २०१३ मध्ये मिळाला. काही अजिंक्यपदांनी मात्र तो थेट प्राप्त होतो. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये बाटूमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आवश्यक निकष पूर्ण केलेले नसतानाही त्या ग्रँडमास्टर झाल्या. येथे सरासरी बळापेक्षा शिखरावरील कामगिरीस मान दिलेला आहे व किताबाच्या दृष्टीने ते उचितही आहे.

शासकीय पुरस्कारांत पहिला अर्जुन पुरस्कार मिळविणारे बुद्धिबळपटू मॅन्युएल आरन (१९६१) होत. महाराष्ट्रातील रोहिणी खाडिलकर यांना १९८० चा व प्रवीण ठिपसे यांना १९८४ चा अर्जुन पुरस्कार लाभला. २०१३ नंतर मात्र २०२२ पर्यंत हा पुरस्कार एकाही बुद्धिबळपटूस मिळाला नाही. २०२२ मध्ये तो गोव्याच्या भक्ती कुलकर्णी व प्रज्ञानंद यांना देण्यात आला. मधल्या काळात खेळाडूंची कामगिरी कमी होती, असे म्हणता येत नाही. बुद्धिबळ ऑलिंपिक क्रीडासामन्यांत नाही व आशियाई क्रीडास्पर्धांतही ते मोजक्याच वेळी खेळविले गेले. त्यामुळे अशा सामन्यांतील पदकांना अधिक भार देणाऱ्या कोष्टकात या खेळाची बाजू सहजच लंगडी पडते.

या इतिहासावरून असे दिसते, की सर्व प्रयोजनांस पुरेल असा एकच अंक नाही. संघनिवडीत अलीकडील गुणांकनास प्राधान्य, वाढत्या वयाच्या खेळाडूंसाठी राखलेली जागा व स्पर्धा जिंकून येण्याचा खुला मार्ग असावा. पुरस्कारांत प्रत्यक्ष विजयांस प्राधान्य असावे. कोणताही निकष निवडीपूर्वी पुरेशा अवधीने जाहीर होणे मात्र दोहोंसाठी अत्यावश्यक आहे. वगळलेल्या खेळाडूस आपण कोणत्या नियमाने वगळलो गेलो, हे कळले, तर तो पुढील वर्षी त्या नियमानुसार प्रयत्न करू शकतो. नियमच ठाऊक नसेल, तर त्याचे वर्ष वाया जाते.