दिवा घे, उत्तरेला जा

दिवाळीच्या सुटीत अकोटला गेलो की घरातली मुले माझ्या लॅपटॉपभोवती गोळा होतात. एका वर्षी मी त्यांना एक खेळ लावून दिला. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरे. चित्र नाही, आवाज नाही. एका जागेचे चार ओळींत वर्णन, आणि खाली लुकलुकणारी खूण.

"याच्यात करायचं काय?" आठवीतल्या भाचीने विचारले.

"तुला त्या जागी जे करावंसं वाटेल ते लिही."

तिने दोन इंग्रजी शब्द लिहिले. उत्तर आले : समजले नाही. तिने शब्द बदलले. पुन्हा तेच उत्तर. तिचा चेहरा पडला. आपले इंग्रजी कच्चे आहे हे यंत्रालाही कळले, असे तिला वाटले असणार.

या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे. आधी हा खेळ आला कुठून, ते पाहू.

खरी गुहा, शब्दांची गुहा

अमेरिकेच्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. विल क्राउदर आणि पॅट्रिशिया क्राउदर हे दांपत्य या गुहांच्या सर्वेक्षणात भाग घेत असे. शेजारची फ्लिंट रिज गुहा मॅमथ केव्हला जोडलेली आहे, हे सप्टेंबर 1972 मध्ये ज्या तुकडीने शोधून काढले तिच्यात पॅट्रिशिया होत्या. विल क्राउदर व्यवसायाने प्रोग्रॅमर. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत त्यांनी काम केले होते.

पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुलींपासून दुरावलेल्या या बापाने 1975-76 च्या सुमारास त्यांच्यासाठी एक खेळ लिहिला. संगणक न जाणणाऱ्यालाही भीती वाटू नये, म्हणून आज्ञा साध्या बोलीतल्या ठेवल्या : एक क्रियापद, एक नाम. दिवा घे. दार उघड. खेळातली गुहा त्यांच्या ओळखीचीच होती. 2007 साली डेनिस जर्झ या अभ्यासकाने मूळ प्रोग्रॅम शोधून प्रसिद्ध केला आणि प्रत्यक्ष गुहेशी ताडून दाखवला. गुहेचा बराच भाग खेळात जसाच्या तसा उतरला होता.

1976 मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वूड्स यांच्या हाती हा प्रोग्रॅम लागला. क्राउदर यांच्या संमतीने त्यांनी त्यात भर घातली, आणि 1977 पासून 'अ‍ॅडव्हेंचर' एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला.

आतली रचना

हा प्रोग्रॅम भाषा समजत नव्हता. त्याच्याकडे तक्ते होते. प्रत्येक जागेला एक क्रमांक. अमुक जागेवरून उत्तरेला गेल्यास कोणता क्रमांक, दक्षिणेला गेल्यास कोणता, याची नोंद. शिवाय ओळखीच्या शब्दांची यादी. शब्दाची पहिली पाचच अक्षरे पाहिली जात. याचे कारण यंत्रात आहे. पीडीपी-10 या संगणकाचा एक 'शब्द' 36 बिटांचा. एका अक्षराला 7 बिट, म्हणजे पाच अक्षरांना 35. सहावे अक्षर मावतच नव्हते!

या खेळात एक भूलभुलैया आहे. त्यातल्या सगळ्या खोल्यांचे वर्णन एकसारखे. उत्तरेला गेलात आणि दक्षिणेला परतलात, तर मूळ जागी याल याची खात्री नाही. सुटका कशी करायची? प्रत्येक खोलीत आपल्या जवळची एकेक वस्तू टाकायची. आता ही काठीची खोली, ही पिंजऱ्याची खोली. मग कागदावर खोल्यांसाठी ठिपके आणि वाटांसाठी रेषा काढायच्या. ठिपके आणि रेषांच्या अशा आकृत्यांचा अभ्यास करणारी गणिताची एक शाखाच आहे. खेळणाऱ्याला तिचे नाव ठाऊक नसते, तरी तो तिचा पहिला धडा गिरवत असतो.

बाजार उठला, खेळ राहिला

एमआयटीमधल्या चौघांनी 1977 मध्ये 'झॉर्क' लिहायला घेतला. त्याला पूर्ण वाक्ये समजत. पण तो घरगुती संगणकात मावेना. 1979 मध्ये इन्फोकॉम ही कंपनी निघाली आणि तिने एक युक्ती केली. प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेला एक काल्पनिक संगणक कागदावर रचला : झेड-मशीन. सगळ्या गोष्टी या काल्पनिक यंत्रासाठी लिहायच्या, आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्याची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅम तयार करायचा. एकच गोष्ट मग अनेक प्रकारच्या यंत्रांवर चाले.

पुढे चित्रांचे खेळ आले. 1986 मध्ये इन्फोकॉम विकली गेली, 1989 मध्ये बंद पडली. बाजाराच्या दृष्टीने विषय संपला. पण हौशी मंडळींनी झेड-मशीनची रचना उलगडून काढली होती. 1993 मध्ये ग्रॅहम नेल्सन या ब्रिटिश गणितज्ञाने 'इन्फॉर्म' ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली आणि ती फुकट वाटली. कंपनी गेली, पण तिच्या काल्पनिक यंत्रासाठी नव्या गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या.

1995 मध्ये केव्हिन विल्सन यांनी अशा हौशी लेखकांची स्पर्धा भरवली. ती आजही दरवर्षी होते. 2016 पासून एक ना-नफा संस्था तिची व्यवस्था पाहते. तिचा नियम आहे : परीक्षकाने जास्तीत जास्त दोन तास खेळून 1 ते 10 मध्ये गुण द्यायचे. परीक्षक कोण? ज्याला व्हायचे असेल तो. निदान पाच खेळांना गुण दिले म्हणजे झाले.

दोन तासांच्या मर्यादेने या प्रकाराचे रूपच बदलले. आधीचे खेळ महिनोन् महिने पुरत, कादंबरीसारखे. स्पर्धेतून कथा जन्माला आली.

तीन खेळ, तीन अनुभव

त्या सुटीत आम्ही जुन्या स्पर्धांतले तीन विजेते खेळ काढले.

पहिला, अँड्र्यू प्लॉटकिन यांचा 'अ चेंज इन द वेदर', 1995 मधल्या दोन विजेत्यांपैकी एक. डोंगरात भटकणारा माणूस, कोसळणारा पाऊस आणि धोक्यात आलेला पूल. पावसाचे वर्णन इतके नेमके की वऱ्हाडातली मुले ते वाचून गप्प झाली. पण खेळ निर्दय आहे. सुरुवातीला एखादी गोष्ट चुकली तर पुढे जिंकणे अशक्य होते, आणि तसे कोणी सांगत नाही. तिसऱ्यांदा पूल गेल्यावर मुलांनी नाद सोडला. मला वर्णन आवडले, वागणूक आवडली नाही. चूक कुठे झाली हे न सांगणारी परीक्षा काही शिकवत नाही.

दुसरा, अ‍ॅडम केडर यांचा 'फोटोपिया', 1998 चा विजेता. यात कोडी जवळजवळ नाहीत. एका मुलीच्या आयुष्याचे तुकडे मागेपुढे उलगडत जातात. यातही एक भूलभुलैया आहे. मी जुन्या सवयीने कागद-पेन्सिल घेतली. भाचीने मात्र नकाशा न काढता वाट शोधली. कशी, ते सांगत नाही. इतकेच सांगतो की नकाशा काढणे हे उत्तरच नव्हते. प्रश्न ओळखीचा दिसला की आपण जुने उत्तर काढतो. शिक्षकांना आणि संशोधकांना हा आजार सारखाच.

तिसरा 'लॉस्ट पिग', 2007 चा विजेता. ग्रंक नावाचा एक ओबडधोबड राक्षस हरवलेले डुक्कर शोधत जमिनीखालच्या खोल्यांत पडतो. सगळी गोष्ट तोच सांगतो, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. 'मी' हा शब्द त्याला माहीत नाही, स्वतःला नावानेच संबोधतो. चार ओळी वाचून भाची ओरडली, "मामा, याले तं माह्यापेक्षाबी कमी इंग्रजी येते!"

त्यानंतर तिने लॅपटॉप सोडला नाही. काय वाटेल ते करून पाहिले, आणि जवळजवळ प्रत्येक खटाटोपाला ग्रंकचे काही ना काही उत्तर तयार होते. 'समजले नाही' क्वचितच. मुलगी तीच, इंग्रजी तेच. फरक एवढाच, की इथे चुकणाऱ्याला कोणी गप्प बसवले नाही.

नरनाळ्याची गुहा

मग आपला खेळ आपल्या भाषेत का असू नये? अकोटच्या उत्तरेला सातपुड्यात नरनाळा किल्ला आहे. शहानूर दरवाजा, महाकाली दरवाजा, शक्कर तलाव, नऊगजी तोफ : खोल्या तयारच आहेत. संगणक नसला तरी चालेल. आम्ही कागदावरच सुरुवात केली. प्रत्येक जागेचे एक कार्ड, त्यावर वर्णन आणि कोणत्या दिशेला कोणते कार्ड याची नोंद. शब्दांची यादी वेगळी. एक मूल संगणक झाले. यादीत नसलेला शब्द आला की त्याने 'समजले नाही' म्हणायचे.

पहिल्याच दिवशी मराठीचे गणित समोर आले. इंग्रजीत शब्दांचा क्रम अर्थ ठरवतो. आपल्याकडे 'किल्लीने पेटी उघड' आणि 'पेटी किल्लीने उघड' दोन्ही एकच. उघडायचे कशाने, हे 'ने' सांगतो. म्हणजे संगणक झालेल्या मुलाला प्रत्यय तोडता आले पाहिजेत. नुसते प्रत्यय तोडूनही भागत नाही, कारण 'दिवा' चा 'दिव्याने' होतो आणि 'विहीर' ची 'विहिरीत' होताना मधली वेलांटीही बदलते. विभक्ती आणि सामान्यरूप पाठ करताना कंटाळणारी मुले तासभर याच नियमांवर भांडत होती.

आणि मग भाचीने लिहिले, "इहिरीत पाहा."

संगणक झालेला मुलगा यादी चाळू लागला. यादी मीच केलेली, पुस्तकी. तिच्यात 'विहीर' होती, 'इहीर' नव्हती. त्याने नियमाप्रमाणे सांगितले, "समजले नाही." त्याच्या स्वतःच्या घरी सगळे 'इहीर'च म्हणतात.

पेन्सिल घेऊन मी यादीत तो शब्द लिहिला. पाठोपाठ 'विझव' च्या शेजारी 'इझव' आला. संध्याकाळपर्यंत यादी दुप्पट झाली होती.

शिक्षक मित्रहो, आपल्या गावाजवळचा किल्ला, मंदिर किंवा नदीकाठ घेऊन हा खेळ वर्गात करून पाहा. दहा कार्डे आणि तीस शब्द सुरुवातीला पुरेत. यादीत नसलेला शब्द एखाद्या मुलाने वापरला, तर खेळ थांबवून आधी एवढे तपासा : चूक त्याची आहे, की यादीची?